मान गादीला, मत कुणाला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या सतरा महिन्यांचं प्रकरण

६ जून २०२३, शिवराज्याभिषेक दिन. कोल्हापुरात काही तरुणांच्या मोबाइलवर औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याबद्दलचं स्टेटस दिसलं. दुसऱ्या दिवशी हिंदुत्ववादी संघटनांनी शहर बंदची हाक दिली, शिवाजी चौकात हजारोंचा जमाव गोळा झाला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली, इंटरनेट बंद पडलं. दंगलीची सवय नसलेलं शहर काही दिवस भेदरून गेलं.

बरोबर अकरा महिन्यांनी, ७ मे २०२४ रोजी, याच शहरानं लोकसभेसाठी मतदान केलं. काँग्रेसचे शाहू छत्रपती १ लाख ५४ हजार ९६४ मतांनी निवडून आले. पुढे २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुतीकडे किंवा तिच्या बाजूनं असलेल्यांकडे गेल्या. मे महिन्यात दीड लाखानं जिंकलेल्या काँग्रेसला नोव्हेंबरात एकही आमदार मिळाला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये, लोकसभेच्या निकालानंतर, एका बाजूनं म्हटलं, शाहूंच्या भूमीनं द्वेषाचं राजकारण नाकारलं. डिसेंबर उजाडेपर्यंत दुसरी बाजू म्हणत होती, कोल्हापूरचा हिंदू जागा झाला. मतदार तेच, गावं तीच, मधे सहा महिने. एवढ्या अवधीत माणसाचा धर्म बदलत नाही आणि धर्माबद्दलचं मतही सहसा बदलत नाही. त्यामुळे ही दोन्ही स्पष्टीकरणं मला अपुरी वाटतात.

या प्रकरणातून मला दिसतं ते असं. कोल्हापुरात धार्मिक ओळख खोल आहे, संघटित आहे, रस्त्यावर उतरण्याइतकी जिवंतही आहे. पण तिचं मतात रूपांतर व्हायला गट लागतो. गटानं ती उचलली तर ती मतपेटीपर्यंत पोचते, गट आडवा आला तर चौकातच थांबते. आणि इथले गट धर्मावर उभे नाहीत. ते दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, तालीम आणि पै-पाहुण्यांवर उभे आहेत.

‘पुरोगामी’ हा शब्द जरा बाजूला ठेवून

कोल्हापूरवर लिहिताना सुरुवात राजर्षी शाहूंपासून करायची रीत आहे. मीही करतो, पण वेगळ्या कारणासाठी. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या आगेमागे त्यांनी वसतिगृहं उभी केली: १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम, नंतर लिंगायत आणि इतर अनेक. दसरा चौकाच्या परिसरात फिरताना आजही या बोर्डिंगांच्या पाट्या दिसतात. मुस्लिम बोर्डिंगच्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. शाहूंनी शिक्षणाची सोय जातवार आणि धर्मवार केली. त्या काळात ते आवश्यकच होतं. पण त्यामुळे इथे प्रत्येक समाजाला आपली इमारत, आपलं विश्वस्त मंडळ आणि आपली पुढारी मंडळी मिळाली. ‘आम्ही जैन’, ‘आम्ही लिंगायत’, ‘आम्ही मुसलमान’ असं म्हणायला कोल्हापुरात कधी संकोच वाटला नाही, कारण त्या ओळखीला संस्थेचं छप्पर होतं. समाजाचा प्रतिनिधी राजदरबारी जाऊन बोलतो ही सवय संस्थान विलीन झाल्यावरही टिकली. दरबाराच्या जागी जिल्हा परिषद आली, मग जिल्हा बँक, मग पालकमंत्र्यांचं कार्यालय.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गांधीहत्येनंतर १९४८ साली याच शहरात ब्राह्मणांची घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. म्हणजे शाहूंचा वारसा सांगणारं गाव जमावाला अपरिचित नव्हतं. आणि भगव्यालाही अपरिचित नाही. कोल्हापूर शहराच्या विधानसभेच्या जागेचा इतिहास पाहा: १९९०, १९९५, १९९९ शिवसेना. २००४ ला काँग्रेसकडून छत्रपती घराण्यातले मालोजीराजे. २००९ आणि २०१४ पुन्हा शिवसेना. २०१९ आणि २०२२ ची पोटनिवडणूक काँग्रेस. २०२४ पुन्हा शिवसेना. तीस-पस्तीस वर्षांत काँग्रेस इथे पाहुणी आहे, शिवसेना घरची. ‘शाहूंच्या नगरीत हिंदुत्व कसं शिरलं’ असा प्रश्न २०२३ नंतर पुण्या-मुंबईहून विचारला जाऊ लागला, तेव्हा पेठेतल्या जुन्या शिवसैनिकांना हसू आलं असेल.

पण पेठेतलं हे हिंदुत्व पुस्तकातलं नाही. ते तालमीतलं आहे. शहरातल्या अनेक तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि ते बसवणारे, नाचवणारे बहुतेक हिंदू असतात. बाबूजमाल तालमीत दर्गा आहे. २०१८ पासून काही वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा एकाच मांडवात गणपती आणि पंजे शेजारी शेजारी होते. जिल्ह्यात कुरुंदवाडला गणपती मशिदीत बसतो. हीच पोरं शिवजयंतीला भगवं उपरणं घालतात आणि अनेक वर्षं धनुष्यबाणावर शिक्का मारत आली. त्यांना यात विसंगती वाटत नाही. बाहेरच्या अभ्यासकाला वाटते, कारण तो पीर, पंजा, शिवाजी महाराज आणि शिवसेना यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

या मनात सर्वांत वर शिवाजी महाराज आहेत. म्हणूनच ७ जूनच्या उद्रेकाचं निमित्त एखादं धर्मस्थळ नव्हतं. निमित्त होतं औरंगजेबाचं, तेही राज्याभिषेकाच्या दिवशी. छत्रपतींचा अपमान झाला ही भावना पुढे होती, धर्म तिच्या पाठीला चिकटून आला. ही नुसती बारकाव्याची गोष्ट नाही. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्याचा थेट परिणाम झाला.

मे २०२४: त्या भावनेचा हक्कदार कोण?

लोकसभेला काँग्रेसनं शाहू छत्रपतींना उमेदवारी दिली आणि समोरच्या बाजूची मोठी अडचण झाली. शिवरायांच्या नावानं तापलेला मतदार आपल्या बाजूला ओढायचा, तर समोर शिवरायांच्या गादीचा वारसच उभा. महायुतीनं त्यावर घोषणा काढली: ‘मान गादीला, मत मोदीला’. घोषणा चटकदार होती, पण तिच्यातच कबुली होती. मान गादीचा आहे हे आधी मान्य करावं लागलं. प्रतिस्पर्ध्याचा मान मान्य करून सुरू होणारा प्रचार इथे किती चालेल, याचा अंदाज यायला वेळ लागला नाही. त्यात शिवसेनेचे उमेदवार संजय मंडलिक यांनी चंदगड विधानसभा मतदारसंघातल्या सभेत महाराज दत्तक आलेले आहेत, खरे वारसदार कोल्हापूरची जनताच, अशा आशयाचं वक्तव्य केलं. इथल्या माणसाला महाराजांवर टीका चालते. गादीवर चालत नाही. पुढचे अनेक दिवस प्रचार त्याच मुद्द्याभोवती फिरला.

२७ एप्रिलला तपोवन मैदानावर पंतप्रधानांची सभा झाली. राम मंदिर, ३७० कलम, सगळे मुद्दे मांडले गेले. मतदान ७१ टक्क्यांच्या वर झालं, राज्यात त्या टप्प्यातलं सर्वाधिक. निकाल वर दिला आहेच.

इथे थांबून ‘गादीनं हिंदुत्वाला हरवलं’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण २००९ आठवा. त्या वर्षी याच गादीचे संभाजीराजे राष्ट्रवादीकडून लोकसभेला उभे होते आणि अपक्ष सदाशिवराव मंडलिकांनी, म्हणजे संजय मंडलिकांच्या वडिलांनी, त्यांना पाडलं. गादी तीच, मतदारसंघ तोच. फरक इतकाच की तेव्हा मंडलिकांचा गट ईर्षेला पेटलेला होता, आणि शरद पवारांनी म्हाताऱ्या माणसाला डावललं हा राग गावोगाव पसरला होता.

२०१४ ला देशभर मोदींची लाट. कोल्हापुरात निवडून आले राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक. २०१९ ला त्याच महाडिकांना शिवसेनेच्या संजय मंडलिकांनी २ लाख ७० हजारांनी हरवलं. पुलवामा-बालाकोटनंतरची ती निवडणूक, राष्ट्रवादाचा ज्वर होताच. पण कोल्हापुरात त्या निवडणुकीची ओळख आहे ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांनी. काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या गटानं आघाडीच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उघड भूमिका घेतली, कारण पाटील आणि महाडिक यांचं वैर. काँग्रेसचं मत धनुष्यबाणाला गेलं. ज्या मुस्लिम, दलित, पुरोगामी मतदाराचं घर पाटील गटाशी बांधलेलं होतं, त्यातल्याही पुष्कळांनी तेच केलं असणार. धर्मावर आधारलेला कोणताही तक्ता घेऊन बसा, २०१९ चं कोल्हापूर त्यात बसत नाही.

२०२४ ला तोच पाटील गट शाहू महाराजांच्या मागे पूर्ण ताकदीनं उभा राहिला आणि तेच मंडलिक दीड लाखानं पडले. पाच वर्षांत मंडलिकांचं हिंदुत्व कमी झालं नव्हतं. पाठीमागचा गट बदलला होता.

ही बाब विधानसभानिहाय मतांत आणखी स्पष्ट होते. दंगल शहरात झाली, ‘सद्भावना’ची भाषाही शहरात झाली. पण महाराजांची मोठी आघाडी शहरातून आली नाही. उत्तर आणि दक्षिण कोल्हापुरात ती तुलनेनं बेताची होती. डोंगराएवढी आघाडी दिली करवीर आणि राधानगरी या ग्रामीण मतदारसंघांनी. करवीरची आघाडी सत्तर हजारांच्या घरात गेली, कारण तिथे काँग्रेसचे आमदार पी. एन. पाटील यांचा गट एकदिलानं राबला. ज्या गावांत कुणी औरंगजेबाचं स्टेटस पाहिलंही नसेल, तिथे निवडणूक ठरली.

मंडलिकांना आघाडी दिली ती कागलनं. आणि कागल हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रोचक भाग आहे. त्यामुळे तिथे जरा जास्त रेंगाळतो.

कागल

कागलचं ग्रामदैवत गैबी पीर. उरूस सगळ्या गावाचा, घाटगे घराण्याचा त्यात मान. राजकीय सभा व्हायची ती गैबी चौकात. तिथे कोण काय बोललं ते संध्याकाळपर्यंत जिल्हाभर पोचतं. या मतदारसंघात मुस्लिम मतदार अगदी थोडे. आणि इथून हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा आमदार झाले आहेत.

देशभरात ज्याला मुस्लिम नेता म्हणतात, तसे मुश्रीफ नाहीत. मुस्लिम मतपेढी त्यांच्याजवळ नाही, कारण ती पेढी कागलात अस्तित्वातच नाही. ते सदाशिवराव मंडलिकांच्या तालमीत तयार झाले आणि पुढे त्यांच्यापासून वेगळे झाले. त्यांची खरी दौलत म्हणजे जिल्हा बँक, कारखाना, निराधार योजनेचे लाभार्थी आणि दवाखान्याची शिफारस. मुंबईच्या रुग्णालयात उपचार मिळवून देणारा माणूस ही त्यांची ओळख, तिच्यापुढे धर्माची ओळख कागलात मागे पडते. मतदारसंघात किती देवळांचा जीर्णोद्धार केला हे ते स्वतः अभिमानानं सांगतात. वाढदिवस रामनवमीला साजरा करतात, कारण जन्म त्या तिथीचा.

विरोधकांनी याच जागी बोट ठेवून पाहिलं. २०२२ च्या रामनवमीला मुश्रीफांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवरून समरजितसिंह घाटगे यांच्या बाजूनं प्रभू रामाच्या अवमानाचा आरोप झाला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. घाटगे तेव्हा भाजपमध्ये होते. पुढच्या वर्षी जानेवारीत ईडीचे छापे पडले, तेव्हा मुश्रीफांनी विशिष्ट धर्माच्या लोकांना लक्ष्य केलं जातंय का, असा प्रश्न केला. म्हणजे गरज पडली तेव्हा दोन्ही बाजूंनी धर्माचा मुद्दा वापरला.

आणि मग जुलै २०२३ मध्ये मुश्रीफ अजित पवारांबरोबर सत्तेत गेले. मंत्री झाले. आता भाजपच्या आघाडीचा कागलमधला उमेदवार मुसलमान झाला आणि भाजपचा जिल्ह्यातला मोठा चेहरा असलेले घाटगे सप्टेंबर २०२४ मध्ये तुतारी हातात घेऊन शरद पवारांकडे आले. राज्यभर ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ च्या घोषणा चालू असताना कागलात महायुतीचे कार्यकर्ते हसन मुश्रीफांना मत द्या म्हणून फिरत होते. दुसऱ्या बाजूला धर्मनिरपेक्ष आघाडीचा झेंडा काल-परवापर्यंत भाजपमध्ये असलेल्या राजघराण्याच्या हातात होता.

मुश्रीफ ११ हजार ५८१ मतांनी जिंकले. २०१९ पेक्षा फरक निम्म्याहून कमी झाला, ही गोष्ट झाकायचं कारण नाही. घोषणांमुळे काही मतं तिकडे सरकली असतील, भाजपला मानणारी काही मतं मुश्रीफांकडे वळली नसतील. पण त्याच घोषणा ज्या आघाडीनं दिल्या, तिचाच उमेदवार मुसलमान असताना निवडून आला. ध्रुवीकरणाचा सिद्धांत खरा असता तर कागलात महायुती पडायला हवी होती.

विशाळगड आणि शाहूवाडी

आता उलट बाजूनं तपासू. धर्माचा मुद्दा जिथे सर्वांत जास्त पेटला, तिथे काय झालं?

१४ जुलै २०२४. विशाळगडावरची अतिक्रमणं काढावीत म्हणून संभाजीराजेंनी हाक दिली होती. गडावर मलिक रेहान यांचा दर्गा आहे, तिथल्या बांधकामांचा वाद जुना. त्या दिवशी जमावानं पायथ्याजवळच्या गजापूरच्या मुसलमानवाडीत घरं फोडली, गाड्या जाळल्या, मशिदीची नासधूस केली. दोन दिवसांनी खासदार शाहू महाराज तिथे गेले, लोकांना भेटले, आणि आपल्याच मुलाच्या आंदोलनाच्या परिणामाबद्दल त्यांनी उघड नाराजी मांडली. एकाच वाड्यात दोन भूमिका होत्या. त्यामुळे गादी म्हणजे अमुकच विचार, असं समीकरणही कच्चंच म्हणावं लागतं.

गजापूर ज्या शाहूवाडी मतदारसंघात येतं, तिथे नोव्हेंबरात विनय कोरे जिंकले. ते २०१९ लाही जिंकले होते, तेव्हाही त्यांचे प्रतिस्पर्धी सत्यजित पाटील-सरूडकर हेच होते. कोरे लिंगायत, मतदारसंघ मराठाबहुल, बळ वारणेच्या साखर-दूध साम्राज्याचं. जिथे वणवा पेटला तिथे माणूसही बदलला नाही, लढतीची जोडीही बदलली नाही.

माणसं बदलली ती दुसरीकडे. दक्षिणमध्ये अमल महाडिकांनी सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटील यांना १७ हजारांहून अधिक मतांनी हरवलं. पण दक्षिणचा हिशेबच असा आहे: २००९ पाटील, २०१४ महाडिक, २०१९ पाटील, २०२४ महाडिक. देशात कुणाची लाट आहे याच्याशी त्या लंबकाला देणंघेणं नाही. उत्तरेत राजेश क्षीरसागर २९ हजारांनी आले, पण तिथे काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार, शाहू महाराजांच्या सून मधुरिमाराजे यांनी ४ नोव्हेंबरला अर्ज माघारीच्या शेवटच्या क्षणी माघार घेतली. सतेज पाटलांचा संताप सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. पंजा हे चिन्हच मतदान यंत्रावर राहिलं नाही. मे महिन्यात जी गादी काँग्रेसच्या पाठीशी होती, तीच नोव्हेंबरात मैदानातून बाहेर पडली. आणि करवीर? पी. एन. पाटील लोकसभेचं मतदान झाल्यावर काही दिवसांतच, निकालाच्या आधी वारले. सत्तर हजारांच्या आघाडीचा तो मतदारसंघ त्यांच्या मुलाकडून १ हजार ९७६ मतांनी गेला.

एवढं सांगूनही एक शंका उरते आणि ती रास्त आहे. प्रत्येक मतदारसंघाचं कारण वेगळं असेल, तर सगळे लंबक एकाच वेळी एकाच बाजूला कसे गेले? निव्वळ गटाच्या भाषेत याचं उत्तर मिळत नाही. राज्यभर वारं होतं आणि त्या वाऱ्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक, लाडकी बहीण. जुलैपासून महिना दीड हजार रुपये थेट खात्यावर. त्या पैशाचा प्रभाव एवढा होता की तोवर भाजपमध्ये गेलेल्या धनंजय महाडिकांनी काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या लाभार्थी महिलांचे फोटो काढा असं वक्तव्य केलं, त्यावरून गुन्हा नोंद झाला, टीकेची झोड उठली, आणि तरी त्यांच्या बाजूच्या उमेदवारांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. दुसरी, हिंदू एकजुटीची हाक. लोकसभेच्या निकालानंतर देवेंद्र फडणवीसांनी ‘व्होट जिहाद’ हा शब्दप्रयोग केला, तोही कोल्हापुरातल्याच एका कार्यक्रमात. लोकसभेला मुस्लिम मतं एकगठ्ठा आघाडीकडे गेली, आता हिंदूंनी एकत्र यावं, असा त्याचा रोख.

या दोहोंपैकी कशाचा वाटा किती, हे मतांच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. माझा कल असा: सैल झालेल्या मतदाराला या वाऱ्यानं हलवलं, गटात घट्ट बसलेल्याला नाही. २०२४ च्या उत्तरार्धात सैल मतदार वाढले होते, कारण पी. एन. गेले होते, गादी बाजूला झाली होती, राष्ट्रवादी आणि शिवसेना दोन्ही फुटून गावागावांतले गट अर्धे-अर्धे झाले होते. २०२२ च्या उत्तर कोल्हापूरच्या पोटनिवडणुकीशी तुलना करून पाहा. तेव्हाही भाजपनं हिंदुत्वाचा मुद्दा जोरात लावला होता, नेमक्या त्याच दिवसांत भोंग्यांचा वाद पेटलेला होता. पण शिवसेना आघाडीत होती, पाटील गट एकसंध होता, आणि काँग्रेसच्या जयश्री जाधव १८ हजारांहून अधिक मतांनी आल्या. मुद्दा तोच होता, पण त्याला अडवणारी भिंत तेव्हा शाबूत होती.

शिरोळच्या बाजूला

हातकणंगले लोकसभेचं गणित निराळं. जिल्ह्यात मुसलमान सात टक्क्यांच्या आसपास, जैन चार टक्क्यांच्या वर. आणि हे जैन मुख्यतः शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातले शेतकरी आहेत, व्यापारी नव्हेत. ऊसदर आंदोलनाचे नेते राजू शेट्टी त्यांच्यातलेच. म्हणून बाहेर त्यांना कधी कधी जैन मतांचा नेता म्हटलं जातं.

हे तपासायला सोपं आहे, कारण माणूस तोच राहिला आणि बाकी सगळं बदललं. २०१४ ला शेट्टींसमोर काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे होते, तेही जैनच. धर्म दोन्हीकडे सारखा, त्यामुळे उरला ऊसदर. शेट्टी पावणेदोन लाखांनी जिंकले. २०१९ ला ते आघाडीबरोबर गेले आणि धैर्यशील माने यांच्याकडून ९६ हजारांनी हरले. त्या वेळी वंचित बहुजन आघाडीच्या अस्लम सय्यद यांनी १ लाख २३ हजार मतं घेतली, म्हणजे फरकापेक्षा जास्त. ती सगळी शेट्टींची होती असं शेट्टींच्या माणसांना वाटतं. मला वाटत नाही. त्यातले बरेच कारखानदार आणि ऊस आंदोलक या दोघांनाही वैतागलेले, शेतजमीन नसलेले लोक असावेत. ज्याच्याकडे ऊसच नाही त्याला दराच्या आंदोलनाचं काय? २०२४ ला शेट्टी एकटे लढले, तिसरे आले, पण १ लाख ७९ हजार मतं घेऊन. माने १३ हजार ४२६ नं कसेबसे निघाले, तेही इचलकरंजीनं हात दिला म्हणून. त्या यंत्रमागाच्या शहरात मात्र गट आणि भगवं मत एकमेकांना पूरक आहेत. भाजप तिथे २००९ पासून रुजलेला आहे, आणि नोव्हेंबरात पूर्वी काँग्रेसचं असलेलं आवाडे घराणंच कमळावर लढून मोठ्या फरकानं जिंकलं.

जैन ओळख प्रत्यक्षात किती ताकदवान आहे हे दिसलं २०२५ मध्ये, आणि तेही निवडणुकीबाहेर. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत वनतारामध्ये नेली गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला शेट्टींच्या पुढाकारानं नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. त्यात जैन होतेच, आणि मराठा, लिंगायत, मुसलमान, दलित सगळे होते. वनतारा अंबानींचं, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. मठ जैनांचा, हत्तीण जिल्ह्याची. सगळ्या पक्षांचे पुढारी रांगेत येऊन उभे राहिले. त्यामुळे त्या भावनेचं एका पक्षाचं मत झालं नाही.

मोजमापाची मर्यादा

कुठल्या धर्माच्या किती टक्के लोकांनी कुणाला मत दिलं, असे आकडे निकालानंतर चॅनेलवर झळकतात. मतदान गुप्त आहे, मतदार यादीत धर्माचा रकाना नाही. हातात असतो तो फॉर्म २०, केंद्रनिहाय मतांचा. त्यातून मुस्लिमबहुल वस्तीच्या केंद्रावर काय झालं ते कळतं, पण हिंदूबहुल केंद्रावरच्या मुसलमानानं काय केलं ते कळत नाही. आणि कोल्हापूरच्या पेठा अशा आहेत की बहुतेक केंद्रं सरमिसळ. सर्वेक्षणं राज्यापुरती ठीक असतात, जिल्ह्यापुरता त्यांचा नमुना तोकडा पडतो. म्हणून या लेखात धर्मनिहाय मतांची टक्केवारी एकही नाही, आणि ज्या लेखात ती जिल्ह्यापुरती छातीठोक दिलेली असेल तो मी शंकेनं वाचतो.

कायद्याचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावानं मत मागायला मनाई करतं. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठानं चार विरुद्ध तीन अशा निकालात ती मनाई उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मालाही लागू केली. प्रत्यक्षात आचारसंहितेच्या आधीचे मेळावे, मठातले समारंभ, मिरवणुका यांना ती शिवत नाही, आणि धर्माचं राजकारण घडतं ते नेमकं तिथेच.

कागलची गोष्ट मात्र तिथेच संपली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या आणि मुश्रीफ व समरजितसिंह घाटगे यांनी युती केली. रामनवमीची जाहिरात, पोलीस ठाणं, ईडी, तुतारी, सगळं मागे टाकून दोघे एका व्यासपीठावर आले. समोर होता मंडलिकांचा गट.